तालीम आणि मारुतिराया : बलोपासनेतील शिस्तीचा वारसा

मराठवाड्यातील कोणत्याही गावाच्या वेशीवर वाटसरूची पहिली भेट होते ती मारुतिरायाची. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेली अंबाजोगाईची पंचक्रोशीही यास अपवाद नाही. जयंती नदीच्या तीरी आदिमाया योगेश्वरी, डोंगराच्या कुशीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, गावात दासोपंतांचे स्थान, आणि भोवतालच्या खेड्याखेड्यांतून शेंदूरचर्चित मारुती, असे हे पुण्यक्षेत्र आहे. मंदिराचा जीर्णोद्धार होतो तेव्हा शिखर, सभामंडप, गाभारा यांची हकीकत लिहिली जाते व ती लिहिली जावी हे योग्यच होय. परंतु मारुतीच्या देवळाच्या सावलीत आणखी एक वास्तू पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. ती म्हणजे तालीम. तिची हकीकत मात्र क्वचितच कागदावर उतरते.

तालीम म्हणजे केवळ दंड फुगविण्याची जागा नव्हे. चौदा-पंधरा वर्षांचे, मिसरूड फुटू लागलेले पोर तेथे येई आणि त्याच्या अंगातील नव्या बळाला तेथे वळण लागे. बळ कमवावे कसे हे तालमीने शिकविलेच, पण ते कमविताना शरीर मोडू नये म्हणून काय जपावे हेही तितक्याच कसोशीने शिकविले. आज गावोगावच्या तालमी ओस पडल्या असताना तिच्या या दुसऱ्या शिकवणीचे स्मरण करणे अगत्याचे आहे.

समर्थांची बारा वर्षे

गावोगावी मारुतीची स्थापना आणि त्याबरोबर बलोपासना ही जोड महाराष्ट्राच्या मनात रुजविली ती समर्थ रामदासस्वामींनी. समर्थ हे मराठवाड्याचेच सुपुत्र. त्यांचा जन्म १६०८ साली जांब या गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. परंपरा असे सांगते की, वयाच्या बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून ते नाशिकजवळ टाकळीस आले, बारा वर्षे तेथे राहिले व रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत. पुढे सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी कृष्णेच्या खोऱ्यात आणि आसपासच्या मुलखात स्थापिलेले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत.

या कथेतील बाराशे हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. बारा वर्षे हा आकडा मात्र विसरला जातो. ज्या परंपरेने बाराशे नमस्कारांचा गौरव केला तिनेच त्यामागे एका तपाची साधना सांगितली आहे. पहिल्याच दिवशी शंभर नमस्कार घालून दुसऱ्या दिवशी अंथरुणातून न उठणे ही समर्थांची उपासना नव्हे.

विसाव्या शतकात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार घरोघर व शाळांतून केला. स्वतः नमस्कार घालणारा राजा म्हणून त्यांची ख्याती होती. थोडे पण रोज, सावकाश पण शुद्ध, आणि श्वास सांभाळून, ही नमस्काराची रीत होय.

मल्लखांबापासून योगमीमांसेपर्यंत

उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर हे थोर व्यायामपटू होऊन गेले. ते नाशिककडील कोठुरे गावचे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. निजामाच्या मुलखातून अली व गुलाब नावाचे दोन बलाढ्य पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले, मात्र तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीस गेले. तेथे माकडांच्या झाडावरील चपळ उड्या पाहून, किंवा काहींच्या मते साक्षात मारुतिरायाच्या दृष्टान्ताने, त्यांना लाकडी खांबावरील व्यायामाची युक्ती सुचली. ती साधून ते परतले व त्यांनी अलीस चीत केले. गुलाबाने मग सामना दिलाच नाही.

आख्यायिका खरी मानावी की नाही हा प्रश्न वेगळा. तिच्यातील बोध मात्र खरा आहे. आव्हान स्वीकारणारा तरुण शूर होता, पण त्याने आधी मुदत मागितली. तयारीवाचून आखाड्यात उतरणे हे शौर्य नव्हे, हे त्यास ठाऊक होते. मल्लखांबाची घडणही हेच सांगते. खांब चांगल्या मुरलेल्या लाकडाचा, गुळगुळीत केलेला. कातडी सोलवटू नये म्हणून त्यास एरंडेल चोळतात, आणि खाली मऊ जमीन राखतात.

हीच परंपरा पुढे बडोद्यास बहरली. तेथे जुम्मादादांच्या तालमीत राजरत्न माणिकराव तयार झाले. माणिकराव जसे व्यायामाचे आचार्य तसेच निखळलेली हाडे बसविण्यातही निष्णात. म्हणजे ज्या जागी मेहनत चाले त्याच जागी दुखापतीवर इलाजही चाले. माणिकरावांच्या हाताखाली शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे या तरुणाने, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व क्ष-किरण, रक्तदाबमापक इत्यादी साधने घेऊन आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम तपासला. त्यांचे ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक याच शोधासाठी निघाले. जुम्मादादा, माणिकराव आणि कुवलयानंद ही साखळी ध्यानी घेतली म्हणजे तालीम आणि वैद्यकशास्त्र यांचे वैर नाही, हे उमजते.

विदर्भात अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. मारुतीच्या नावाने सुरू झालेली संस्था सातासमुद्रापार पोहोचली.

निजामी अमदानीतील अंबाजोगाई

निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. येथे घोडदळाची छावणी होती. फौजेची कवायत गावाच्या डोळ्यांसमोर चाले, पण प्रजेच्या पोरांनी आखाडा घालायचा तर त्यावर सरकारी निर्बंध असत. खाजगी शाळा, जाहीर सभा आणि आखाडे यांवर हैदराबाद संस्थानात बंधने होती. १९३८-३९ साली आर्य समाजाने जो सत्याग्रह केला त्यात धार्मिक स्वातंत्र्याबरोबर ही बंधने उठविण्याचीही मागणी होती. चार पोरांनी एकत्र येऊन जोर-बैठका काढाव्यात यासाठीही परवानगी लागावी, असा तो काळ.

त्याच काळात, १९३५ च्या सुमारास, स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आपल्या सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले व योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. पुढे १९३८ साली ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले आणि शाळेचा भार बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांनी सांभाळला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

ज्या गोष्टीसाठी एकेकाळी परवानगी मागावी लागे ती आज मोकळी आहे. मैदान मोकळे आहे, रस्ता मोकळा आहे, तालीम घालण्यास कोणाची आडकाठी नाही. अशा वेळी ती ओस पडावी हे मनाला लागते.

मुक्तीनंतर मराठवाड्याच्या कुस्तीला बहर आला. महाराष्ट्र केसरी स्पर्धेची सुरुवात १९६१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास झाली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी महाराष्ट्र केसरी व रुस्तुम-ए-हिंद हे किताब मिळविले. १९७७ साली बेळगावी त्यांनी सतपालसारख्या मल्लास अस्मान दाखविले, ती कुस्ती जुनी माणसे आजही वर्णन करून सांगतात.

तालमीचे अलिखित नियम

तालमीतील नियम भिंतीवर लिहिलेले नसत. वस्तादाच्या डोळ्यांत ते असत.

पहाटे आल्यावर पठ्ठ्याच्या हाती प्रथम फावडे येई. मातीचा हौद उकरणे, ढेकळे फोडणे, माती सारखी करणे हे पहिले काम. यात सेवा होती, तशीच अंग तापविण्याची युक्तीही होती. थंड अंगाने डाव टाकला तर स्नायू ओढला जातो. आज डॉक्टर व्यायामापूर्वी पाच-दहा मिनिटे हलकी हालचाल करावयास सांगतात. तालमीत ती फावड्याने होई. शिवाय मऊ उकरलेल्या मातीत पडणाऱ्याची मान व खांदा वाचे. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालण्याची चाल होती. घाम जिरावा व कातडीचे रोग पसरू नयेत असा तिचा हेतू सांगत. त्याचबरोबर ज्याच्या अंगावर गजकर्ण किंवा उघडी जखम दिसे त्यास बरे होईतो मातीत उतरू न देणे हे शहाण्या वस्तादाचे लक्षण होते. लंगोट व पंचा ज्याचा त्याचा वेगळा आणि रोज धुतलेला असावा, हेही त्यातच आले.

दुसरा नियम चढत्या मेहनतीचा. नव्या पोरास थोडे जोर, थोड्या बैठका. ते सहज निघू लागले की वाढ. यामागील कारण आज अधिक स्पष्ट झाले आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नरम थर असतो व तेथूनच हाड लांबते. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा व मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयात तो थर भरून हाड पक्के होते. तोवर एकाएकी टाकलेला भार किंवा रोज तोच तो ताण या नरम जागेस इजा करू शकतो. गुडघ्याखाली, टाचेत, कोपरात दुखू लागते ते बहुधा यामुळेच.

तिसरा नियम जोड लावण्याचा. जत्रेच्या फडात रेवडीच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत पंचमंडळी दोन्ही मल्लांना शेजारी उभे करून अंगलट, वय, मेहनत पाहात आणि मगच जोड ठरे. विजोड कुस्ती लावणाऱ्यास गाव नावे ठेवी. वय एकच असले तरी या वर्षांत दोन मुलांच्या वाढीत फार अंतर असते, हे पंचांना अनुभवाने माहीत होते.

चौथा नियम विश्रांतीचा. मेहनत झाल्यावर मालिश, मग पोटभर खुराक, मग झोप. बळ मेहनतीच्या वेळी खर्च होते व झोपेत भरून येते. या वयात रात्री आठ ते दहा तास झोप हवी. मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहणारा व पहाटे चारला धावायला उठणारा मुलगा शरीराची उसनवारी करीत असतो, आणि ती फेडावी लागतेच.

पाचवा नियम सर्वांत मोठा, तो म्हणजे वस्तादाची नजर. कोण थकला, कोण दुखणे लपवितो, कोण ईर्षेला पेटला हे तो ओळखी आणि ‘बस्स’ म्हणे. त्याच्या त्या एका शब्दाने किती पोरांचे हातपाय शाबूत राहिले याची गणती नाही.

पाठीशी असा जाणता माणूस नसला म्हणजे काय होते, हे खाशाबा जाधवांच्या हकीकतीत दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, जिंकले. त्यांना पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्याच स्पर्धेत एक दीर्घ कुस्ती आटोपताच नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीस बोलाविले गेले, आणि त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. दात्यांनी त्यांना हेलसिंकीस पोहोचविले, पण आखाड्याच्या कडेला ‘थांबा’ म्हणणारा माणूस नव्हता.

काय राखावे, काय सोडावे

परंपरेचा आदर म्हणजे तिच्यातील प्रत्येक समजूत डोळे झाकून धरणे नव्हे. जीर्णोद्धारातही भक्कम चिरा ठेवतात व भुगा झालेला काढतात.

मेहनतीत पाणी पिऊ नये, ही अशीच एक जुनी समजूत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती घातक ठरते. तहान लागण्याची वाट न पाहता मधून मधून घोट घोट पाणी घ्यावे. उन्हाळ्यात मेहनत सूर्य वर येण्यापूर्वी किंवा कलल्यावर करावी, आणि नव्या उन्हास शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस द्यावेत. धावता धावता मुलगा बरळू लागला, अडखळला वा कोसळला तर तो उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा व ते चालू ठेवूनच रुग्णालयात हलवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

वजन उतरविण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम काढणे हीही वाईट खोड आहे. १९९७ साली अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्ल याच नादात मरण पावले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगट हिने रात्रभर वजन उतरविण्याची शिकस्त केली. तरीही १०० ग्रॅमने ती बाद ठरली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. तज्ज्ञांचे पथक सोबत असता ही गत, तर गावच्या पोराने हा खेळ एकट्याने खेळू नये.

वजने उचलल्याने उंची खुंटते असेही लोक म्हणतात. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, झेपेल तेवढ्या भाराने आणि शुद्ध रीतीने केलेल्या मेहनतीने उंची खुंटत नाही, हाडे व स्नायू उलट बळकट होतात. खरा धोका असतो तो ईर्षेने उचललेल्या भाराचा आणि चोरून घेतलेल्या इंजेक्शनांचा. झटपट शरीर कमविण्यासाठी काही ठिकाणी स्टेरॉइडे दिली जातात. त्यांनी हाडांची वाढ अकाली थांबू शकते, यकृत व हृदय बिघडते. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, दूध, ताक, चालत असल्यास अंडी, आणि हंगामी पालेभाजी व फळे हा खुराक मराठवाड्याच्या घराघरांत आहे. डब्यातील महागड्या भुकटीवाचून अडत नाही.

तालीम मुलग्यांचीच, ही समजूतही कालबाह्य झाली. आज मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, धावणे या सर्वांत मुली पुढे आहेत. वाढत्या वयात मुलींना रक्तक्षयाचा त्रास पुष्कळदा असतो. लवकर दम लागणे, चक्कर येणे यास आळस न समजता रक्त तपासून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनतीची हालचाल करावी व आठवड्यातून तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. सूरपाट्या, खो-खो, सूर्यनमस्कार, शेतातील काम यांत हा तास सहज भरतो.

आजची धाव

आज अंबाजोगाईच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे दिसतात. कोणाला पोलीस व्हायचे असते, कोणाला फौजेत जायचे असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. घरची कोरडवाहू शेती, हंगामाला ऊसतोडीस जाणारे आईबाप, आणि नोकरीची एकच आशा असा कित्येकांचा प्रपंच. या धावण्यामागे हौस नाही, पोट आहे. म्हणूनच त्यांच्या देहाची काळजी हा साऱ्या गावाचा प्रश्न होय.

२०२४ साली ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत झारखंडमध्ये सरकारी भरतीच्या दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक तरुण उमेदवार दगावले. जाहिरात निघाल्यावर महिनाभर जिवाच्या आकांताने धावणे ही तयारी नव्हे. वर्षभर आधी चालण्या-धावण्यापासून आरंभ करावा, अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यात एक-दोन दिवस विसावा द्यावा, डांबरापेक्षा मातीची वाट धरावी, अंधारात वाहनांच्या रस्त्यावर धावू नये. अंग दुखणे एक-दोन दिवसांत निवते. परंतु सांधा सुजला, लंगडत चालावे लागले, तर मेहनत थांबवावी. धावताना छातीत कळ आली वा भोवळ आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. डोक्यास मार बसल्यास त्या दिवशी पुन्हा खेळू नये. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. तपासणीसाठी दूर जावे लागत नाही.

बीड जिल्ह्याच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर पायपीट करून शाळेत जाई. तो फौजेत भरती झाला, तेथे त्यास शिक्षक मिळाले, आणि २०१८ साली ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ साली ऑलिंपिकची अंतिम फेरी अशी त्याची चढती कमान आहे. शाळेची वाट तुडवून कमावलेल्या दमास शिकविणारा भेटला तेव्हा ही फळे आली.

जीर्णोद्धार कोणाचा?

या मंदिराच्या उभारणीस कोणी रोख रक्कम दिली, कोणी वाळू-सिमेंट, कोणी बैलगाडी व ट्रॅक्टर, कोणी केवळ अंगमेहनत. ज्यांनी दिले त्यांची नावे दगडावर कोरली जातील. परंतु मारुती हा मूर्तीत जितका आहे तितकाच त्याच्या दारात शड्डू ठोकणाऱ्या पोरांत आहे. देवळाच्या आवारात मऊ मातीचा एक हौद, पिण्याच्या पाण्याचा एक रांजण, प्रथमोपचाराची एक पेटी, आणि रोज पहाटे दोन तास उभा राहील असा एक अनुभवी माणूस, एवढ्यावर तालीम पुन्हा उभी राहते. गावात निवृत्त जवान असतात, शाळेत क्रीडाशिक्षक असतात, जुने मल्ल असतात. त्यांच्यापैकी एकाने वस्तादाची जागा घेतली तर ते दान कोणत्याही देणगीहून थोडे नाही.

अति तेथे माती, असे वडीलधारी म्हणतात. तालमीत मात्र मातीला आधी नमस्कार करतात व मगच तिच्यात उतरतात, कारण पडणाऱ्याला ती सावरते. गावच्या मुलामुलींना बळ लाभो, त्या बळाला शिस्त लाभो, आणि पडणाऱ्यास सावरणारी माती व थांबविणारा वस्ताद प्रत्येक गावात पुन्हा उभा राहो, हीच मारुतिरायाच्या चरणी प्रार्थना.